सुरी आधी, गुलाब नंतर

फ्रान्समधल्या आमच्या लिमोज गावात फिर्मां माझाब्रोएवढा जाणकार माणूस दुसरा नाही, असं खुद्द फिर्मांचं मत होतं. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेला हा गडी जुनी चिनी मातीची भांडी जमवायचा. कपाटात अकरा ताटल्या, प्रत्येकीवर गुलाब. राजाच्या काळच्या म्हणून घेतलेल्या. किल्ली ह्याच्या गळ्यात. आणि नवरा-बायको जेवायची कशात? पत्र्याच्या थाळ्यांत! सगळं गाव चिनी माती भाजतंय आणि ह्याच्या घरी पत्रा वाजतोय.

बायको झेली वीस वर्षं कारखान्यात भांड्यांवर फुलं रंगवत होती. पण ती कपाटाजवळ गेली की हा नाक मुरडायचा. "मजुरीवर फुलं काढणाऱ्यांना कला काय कळणार?"

एका रविवारी दुपारी संग्राहकांचं मंडळ घरी आलं. ताटल्या पसंत पडल्या तर फिर्मां अध्यक्ष होणार होता. महिनाभर स्वारी आरशासमोर भाषण करत होती.

"हे ओरखडे पाहा," ताटलीवरून बोट फिरवत तो म्हणाला. "राजाच्या सरदारांच्या सुऱ्यांचे! दोनशे वर्षांपूर्वी ह्या गुलाबावर मांस कापलंय."

कॉफी घेऊन आलेली झेली थबकली. "अहो, मग गुलाब कापला का नाही गेला?"

"तू गप्प बस गं!"

"बसते की. पण बघा ना, रंग ओरखड्यात उतरलाय. आधी सुरी, मग गुलाब. कुणाच्या तरी घरातल्या वापरलेल्या पांढऱ्या ताटल्या आणून रंगवल्यात. असलं काम आमच्याकडे ढिगानं यायचं."

मंडळाचे म्हातारे सचिव ऑनेझिम भिंग लावून वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"अरे फिर्मां, ताटलीत कधी जेवला असतास, तर सुरीचा ओरखडा कसा पडतो ते तरी कळलं असतं!"

सगळे खो खो हसले. अध्यक्षपद तिथल्या तिथे दुसऱ्याकडे गेलं. आणि फिर्मां? ताटली उलटसुलट करून बघत बसला. शिक्का चुकून उलटा बसला की पोस्टात असाच बसायचा म्हणे.

झेलीनं त्याच्या गळ्यातली किल्ली काढली, ताटल्या मांडल्या आणि त्यांत चेरी घालून भाजलेली गरम, गोड क्लाफुती वाढली. मंडळींनी बोटं चाटून खाल्ली.

फिर्मांनं मात्र हट्टानं आपला वाटा पत्र्याच्या थाळीत मागून घेतला. निदान तिच्यावरचे ओरखडे कुणाचे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.