पंचनाम्यात उघडलेला रोल

तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नजरेतून एक पण पुरावा कधी सुटला नाय. एक हातात आला होता, तो मी पंचांच्या समोर खिडकीत धरून जाळला आणि खाली सही पण ठोकली. ती केस आजून माझ्या डोक्यातून जात नाय.

आमच्या पनवेलच्या जुन्या बाजारात एक फोटोवाले काका राहायचे. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. त्यात माझं तोंड बरं दिसतं, यावरून माणूस केवढा कारागीर होता ते समजा. मोबाईल आले तसा त्यांचा स्टुडिओ बसला. सात कॅमेरे, फोटो धुवायची अंधारी खोली, फोटो मोठा करायचं लोखंडी मशीन, एवढं घेऊन म्हातारा एकटा राहायचा. भंगारवाला किलोवर मागायचा. काका देत नव्हते.

मग वारं फिरलं. करंजाडे, उलव्याच्या टॉवरमधली पोरंपोरी रोलवाले कॅमेरे शोधत हिंडायला लागली. जुन्या कॅमेऱ्यांना भाव आलाय हे सगळ्या पनवेलला ठाऊक झालं, फक्त मला नाय.

एक दिवस काका अर्ज घेऊन ठाण्यात आले. ठाणे अंमलदार मीच होतो.

"एक माणूस तीनदा घरी आला. कॅमेरे विका म्हणतो. नाही म्हटलं तर म्हणाला, बघतोच कसे देत नाही ते."

"नाव काय त्याचं?"

"सांगत नाही."

मी म्हटलं, "काका, देऊन टाका की. घरात झाडू मारायला जागा होईल."

सगळे हसले. काका पण हसले बिचारे. अर्ज मी खणात टाकला. डायरीत नोंद केली नाय.

त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, त्यांची मुलगी करंजाड्यावरून डबा घेऊन आली. काका त्या लोखंडी मशीनच्या पायाशी पडलेले, डोकं फुटलेलं. श्वास चालू होता. दुपारी हॉस्पिटलात वारले. डॉक्टर म्हणाले, मार आदल्या संध्याकाळचा हाय, लगेच आणलं असतं तर वाचले असते.

मी अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. म्हातारा माणूस, चक्कर आली, पडला. मुलगी ऐकेना.

"चार कॅमेरे गायब आहेत. बाबा पडले नाहीत, त्यांना पाडलंय. तसं लिहा."

"ताई, असलं भंगार कोण चोरंल?"

पंचनाम्यात माझी एक सवय. बंद वस्तू दिसली की उघडून बघायची. नायतर कोर्टात वकील विचारतो, आत काय होतं? काकांच्या टेबलावर एक कॅमेरा होता. मी त्याचं मागचं झाकण उघडलं, आतला रोल सर्रकन ओढला आणि चित्रं दिसतात का बघायला खिडकीत धरला.

मुलगी किंचाळली, "अहो, उजेड लागला! गेलं सगळं! बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढायचे!"

मी शिपायाला सांगितलं, "लिव. काळपट पट्टी, एक नग." मग फोटोच्या कागदाचा बंद खोका फोडून कागद मोजले. कोरे, सत्तावीस. ते पण उजेडात मेले.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला. आमचा जुना खबरी.

"हवालदारसाब, एक आदमी हर हप्ते येऊन माझा ढीग उचकतो. कॅमेरा, तारीख गेलेला रोल, फोटो धुवायचे ट्रे, काय पण उचलतो. मोबाईलवर दसपट भावानं विकतो. काल बोलला, अब नको, बडा माल मिळाला."

"राहतो कुठं?"

"उलवे. बिल्डिंग दाखवतो ना."

आमच्या ठाण्याच्या साहेबांनी त्या उलव्याच्या माणसाला उचलला. घरात काकांचे चारी कॅमेरे. तिशीचा माणूस, चेहऱ्यावर घाम नाय.

"शनिवारी काकांनी स्वतः विकले. कॅश दिली. जुन्या मालाचं कुठे बिल असतं, साहेब?"

दोन तास मी टेबल आपटलं. हात सुजला, त्याला काय नाय. मग मी अक्कल चालवली. तोच रोल त्याच्या पुढ्यात टाकला. "यात तुझा फोटो हाय. बोल आता!"

त्यानं पट्टी बोटात धरली आणि हसला. "हा असा बाहेर कोणी काढला? तुम्ही? आता यात देव पण दिसणार नाही."

साहेबांनी मला खोलीबाहेर काढलं. आपल्याविरुद्ध पुरावा उरला नाय, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीच नेऊन सांगितलं.

माल ओळखायला मुलीला बोलावलं. तिनं एक कॅमेरा उचलला, वरची चावी हळूच फिरवली.

"अडतेय. आत रोल आहे. रविवारी माझ्या मुलीचा वाढदिवस होता, बाबा फोटो काढत होते. कुठल्या कॅमेऱ्यानं ते मी बघितलं नाही." मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "साहेब, हा यांच्या हातात देऊ नका."

काळ्या कापडात गुंडाळून, सील करून कॅमेरा सरकारी लॅबला गेला. फोटो आले. नात केक कापतेय, नाकाला क्रीम. म्हणजे रविवार दुपारपर्यंत तो कॅमेरा काकांच्याच हातात होता. शनिवारची विक्री खोटी.

साहेबांनी फोटो त्या माणसाच्या समोर ठेवला. मग बोलला. रविवारी संध्याकाळी बॅग भरून निघाला, काका बॅगेचा पट्टा सोडेनात, ढकललं. डोकं मशीनवर आपटलेलं त्यानं बघितलं. तसाच निघून आला.

मी विचारलं, "अरे, रोल का नाय काढून टाकलास?"

"अर्धा शिल्लक होता. रोल आता केवढ्याला मिळतो, माहितेय?"

अकस्मात मृत्यूचा खून झाला कागदावर. चार्जशीट गेलं. कागदांची नक्कल न्यायला मुलगी ठाण्यात आली, तेव्हा मी स्वतःहून तिला खणातल्या अर्जाचं सांगितलं. ती नकलेची पानं मोजत राहिली. मीच बोलत सुटलो.

"ताई, या केसनं मला लय शिकवलं. दुसरा जे जपतो त्याला आपण भंगार म्हणू नये. आता कोण कसला पण अर्ज घेऊन येऊ दे, मी आधी डायरीत घेतो."

तिनं कागद पिशवीत घातले.

"शिकायचंच होतं तर शाळेत जायचं होतं, हवालदार. त्याला माझा बाप कशाला लागत होता?"