तुळशीच्या कुंडीमागची राणी मुंगी

आज घरात आलं: वाळवीचं औषध, एक बाटली, एकशे साठ रुपये. सील तोडलेलं नाही, उद्या परत देणार.

सकाळी तुळशीला पाणी घालताना कुंडीमागे पेरभर लांब काळा किडा दिसला, बाजूला गळलेले पंख.

शेजारच्या शोभावहिनी म्हणाल्या, "वाळवीची राणी आहे ही, ताई. लाकडी देव्हारा खाईल तुमचा. मारून टाका."

ह्यांनी लगेच औषध आणलं.

मी चष्मा लावून पाहिलं. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवीला अशी कंबर नसते.

"वहिनी, मुंगीच आहे. रोज मुंग्यांना पीठसाखर घालते, आज राणीला विष घालू?"

"मग साखर वाढवा," वहिनी हसल्या.

माझ्या मते ही मुंगळ्याची राणी. ग्रुपवर फोटो टाकलाय. जात नक्की ओळखणाऱ्यांनी आजच उलट निरोप धाडा. तोवर कुंडी हलवत नाही.