बाद धरलेलं मत

गळा कापलेल्या माणसाचं 'नाही' तुम्ही मोजता का?

आमच्या हॅम रेडिओ गटाने, म्हणजे हौसेने बिनतारीवर बोलणाऱ्या आम्ही लोकांनी, मोजलं नाही. देवगडचे काका गटातले सगळ्यांत जुने. कॅन्सरमध्ये त्यांची स्वरपेटी काढली, तेव्हापासून ते गळ्याला एक घुमणारं यंत्र टेकवून बोलतात. जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीत तो आवाज कर्कश यायचा, पण शब्द न् शब्द कळायचा. घरात ते एकटे. दिवसभरातलं त्यांचं बोलणं म्हणजे आमच्या गटाचा सकाळचा तास.

मग डिजिटल आलं. मीही हौसेने सेट घेतला. खरखर गेली, आचऱ्याचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येऊ लागला. पण डिजिटल सेट आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाचा आवाज कसा असतो याचा एक साचा त्यात असतो, त्यात बसेल तेवढंच पुढे जातं. काकांचा आवाज त्यात बसला नाही. नव्या सेटवर ते पहिल्यांदा बोलले आणि आम्हाला नुसती गुळगुळ ऐकू आली.

"काका, डब्यात भुंगो अडकलो काय?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "तुमी मोर्स मारा, टिंब-रेघांची टकटक आमका कळात."

मी भेटायला गेले तेव्हा काका म्हणाले, "मोर्स येता माका. पण माका बोलूचा आसा."

डोंगरावरचा आमचा रिपीटर सगळ्यांचे आवाज उचलून पुढे पाठवतो. तो फक्त डिजिटल करायचा का, यावर मतदान झालं, आणि ते घेतलं डिजिटलवरच. सगळे हो म्हणाले. मी नाही म्हटलं. मग काकांची पाळी. गुळगुळ.

"पुन्हा सांगा," गटप्रमुख म्हणाले. हे ओरोसच्या जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले.

पुन्हा गुळगुळ, या वेळी लांबलचक. कुणीतरी मुद्दाम बोलायचं बटण दाबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं हसलं.

"आवाज सुस्पष्ट नाही. मत बाद."

"ते नाहीच म्हणणार होते. मला कालच सांगितलंय त्यांनी," मी म्हटलं.

"आत्ता ते काय बोलले, तुम्हाला कळलं?"

खोटं बोलता आलं नाही. "नाही."

"मग झालं."

त्याच आठवड्यात रिपीटरचं अ‍ॅनालॉग बंद झालं. काका अजून रोज सकाळी जुना सेट लावतात, आपला ओळखीचा संकेत सांगतात, थांबतात, पुन्हा सांगतात. रिपीटर तो उचलतच नाही. हे मी गटप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना कळवा कुणीतरी. फुकट बॅटरी जाते."

आमचा रिपीटर दोन्ही पद्धतींवर चालतो. फक्त एक सेटिंग बदलायचं आहे. ते बदलू नये यासाठी कुणाकडेही कारण नाही, कंटाळा आहे. या कंटाळ्याला प्रगती म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. मला मतं हवी आहेत.

तुम्ही या गटात असाल तर पुढच्या बैठकीला या. हे मतदान पुन्हा घ्या म्हणा, एका खोलीत, समोरासमोर बसून. आणि काकांच्या शेजारची खुर्ची धरा, म्हणजे कळलं नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही.