विस्कटलेले आकडे

घाटंजीच्या शाळेत श्रावण मेश्राम सर वीस वर्षं खो-खो शिकवत होते. मुलींची एकाग्रता मोजायला त्यांनी शंभर विस्कटलेल्या आकड्यांचा कागद आणला. मिनिटभरात जमतील तितके आकडे क्रमानं शोधून खोडायचे. कुणी बाराच्या पुढं गेलं नाही. सरांच्या सूचना चालू असताना नेहमी झाडाकडं पाहणाऱ्या अर्पितानं मात्र एकवीस खोडले.

"कोणाचं पाहून केलं?" सर सगळ्यांसमोर गरजले आणि त्यांनी तिला दुसरा कागद दिला. तेवीस झाले. जिचं पाहावं अशी तिथं कुणी नव्हतीच, हे सरांना तेव्हा उमगलं.

"मग मी बोलतो तव्हा तिकडं काहून पाह्यतं?"

"सर, तुमी ओरडता. तुमच्याकडं पाह्यलं त मले भेवानं काहीच समजत नाही."

सरांची मान खाली गेली. "चुकलो मी," ते सगळ्यांसमोरच म्हणाले, पण अर्पिताच्या नजरेला नजर देणं त्यांना जमलं नाही.