पाण्याचं बटण

दुपारी प्रयोगशाळेची फरशी पुसता पुसता मंदाताई माझ्या स्क्रीनपाशी थांबल्या. स्क्रीनवर कातडीवर वाढणाऱ्या बुरशीचं एक एन्झाइम होतं आणि त्याच्या खोबणीत टाकळ्याच्या पानातला एक रेणू अडकून बसला होता. तो तसाच अडकून राहिला तर बुरशीची वाढ थांबेल, अशी आमची आशा.

"बसला का?" त्यांनी विचारलं.

"छान बसलाय."

"मग द्या की थोडं." त्यांनी रबरी हातमोजा काढून हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडी पांढरी पडून सुटत चालली होती.

हे औषध नाही, नुसतं चित्र आहे, हे सांगताना कुठे बघावं मला कळेना.

"डॉक्टर म्हणतात, हात कोरडे ठेवा," त्या म्हणाल्या. "मोजा घातला की आत घाम, काढला की बादली." ओलाच मोजा चढवून त्या बाहेर गेल्या.

दिवसभर मी अडकणं शोधत असतो. जो रेणू सुटतो, तो आमच्या कामाचा नाही. हातमोजा आणि बादली यांच्यामध्ये रोज कोणीतरी अडकलेलं असतं, ते मात्र मी कधी शोधलं नव्हतं.

आमच्या कामाची एक रीत आहे. रेणू बसवण्याआधी स्क्रीनवरच्या एन्झाइमभोवतीचं सगळं पाणी, म्हणजे पाण्याचे रेणू, काढून टाकायचं, म्हणजे गणित सोपं होतं. त्यासाठी एक बटण आहे.

मी पुढचं एन्झाइम उघडलं. बोट सवयीनं त्या बटणावर गेलं. बाहेर मंदाताई फडकं पिळत होत्या, आणि ते पाणी बादलीत पडताना मला स्पष्ट ऐकू येत होतं.