नैवेद्याच्या आधी

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. औशाजवळच्या एका गावात मी शाळेवर बाई म्हणून रुजू झाले. मी नांदेडकडची, अर्धापूरची. खोली दिली एका शेतकरी घरातल्या काकूंनी. आम्ही बौद्ध आहोत, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मागाहून कुणी नाक मुरडलेलं मला खपत नाही. काकू म्हणाल्या, "बरं. टँकर सकाळी येतोय, घागर लवकर लावा." विषय संपला.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. तेव्हा येळवस, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात होणारी पूजा आणि जेवण, यंदा कुणी करणार नाही असं मला वाटलं. कसलं काय! काकू आदल्या दिवसापासून भज्जीच्या तयारीला लागल्या. भज्जी म्हणजे ओले दाणे आणि पालेभाजी बेसनात घोटून केलेली घट्ट भाजी. तीत एखाद्या जातीचा दाणा कमी पडला तर शेतातली लक्ष्मी रुसते, अशी काकूंची श्रद्धा. म्हणून दरवर्षी त्या तुरीच्या कडेनं हरभरा, वाल, वाटाणा, जवस असा मिसळीचा पट्टा पेरायला लावत. काकांना सगळीकडे सूर्यफूल लावायचं होतं, पण काकूंपुढे त्यांचं काही चाललं नाही.

नेमके येळवशीच्याच दिवशी माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, केळीची फणी घेऊन हजर. काकू लगेच म्हणाल्या, "भाऊ, आज दारी आलेला मानूस उपाशी गेला तर आमचा सनच होत न्हाई. शेतात चला."

दादांनी दीक्षा घेतल्यापासून देवापुढचं अन्न तोंडात घातलं नव्हतं. आता ते तोंडावर नाही म्हणणार, काकू दुखावणार, आणि गावात मिळालेलं माझं एकुलतं एक घर तुटणार. शिवाय भज्जीच्या वासानं मी सकाळपासून कासावीस झाले होते, ते वेगळंच.

शेतात पूजेसाठी कडब्याची लहान झोपडी, कोपी, उभी केली होती. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. दादा तिकडे फिरकले नाहीत. ते सरळ त्या पट्ट्याकडे गेले. सगळं रान पिवळं पडलेलं, तेवढाच हिरवा. हरभऱ्याचा एक घाटा फोडून त्यांनी दाणा चावून पाहिला.

"आता सगळे एकच पेरतेत. हे कुनी जपलं?"

"लक्ष्मीनं," काकू म्हणाल्या.

"लक्ष्मी न्हाई. तुमी."

"मग लक्ष्मीला भिऊन म्या!"

दोघं खळखळून हसले. मला जरा धीर आला, पण तो फार टिकला नाही. काका नारळ घेऊन पूजेला उभे राहिले, तसे दादांनी काकूंपुढे हात जोडले.

"ताई, राग मानू नका. निवदाचं मी खात न्हाई. शब्द दिलाय."

मी मान खाली घातली. काकूंनी एकदा दगडांकडे पाहिलं, एकदा दादांकडे. मग पुढे होऊन भज्जीच्या पातेल्यावरचं फडकं सोडलं आणि वरची भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गरम उंडे, सगळं एका ताटात वाढलं.

"अजून निवद दावला न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ता हे नुसतं शेतातलं हाय. जेवा."

"अगं, देवाच्या आधी?" काका म्हणाले.

"देव थांबतेत. ते घरचेच हायेत."

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. रडतारडताच मी माझंही ताट पुढे केलं. दादा मात्र ताटाकडे बघत बसले होते. उभा जन्म त्यांनी लोकांच्या शेतात मजुरी केली होती.

"सनाला लोकांच्या शेतात लई जेवलो, ताई," ते म्हणाले. "सगळ्यांचं झाल्यावर, बांधावर बसून. पयलं ताट आजच."

काकूंनी त्यांच्या ताटात आणखी दोन उंडे वाढले. काकांनी हातातला नारळ कोपीत ठेवला, आंबिलाचं मडकं उचललं आणि दादांच्या शेजारी बसून त्यांचा गडू काठोकाठ भरला.