आबा, जोरात फुंका!

तुमी हसणारच हाय, तर आदीच हसून घ्या, मंग ऐका. माझ्याइतकी शहाणी बाई आख्ख्या हिर्डोशीत न्हाई, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं. गावाला तसं वाटत नव्हतं, पर ते जाऊ द्या.

माझ्या सासऱ्यांना, म्हंजी आबांना, लकवा मारला. डावा हात, डावा पाय. पंदरा दिवसांनी भोरच्या दवाखान्यातनं घरी सोडलं, तवा छातीत कफ धरू नये म्हणून श्वासाच्या व्यायामाचं एक यंत्र दिलं. प्लास्टिकची तीन नळकांडी, त्यात तीन रंगीत चेंडू, आन बाजूला एक नळी. व्यायामवाल्या बाई ते आबांना समजावत हुत्या, तवा म्या खाली औषधं आणायला गेलते. वर आले तर बाई म्हणाल्या, "तुम्हालाही दाखवू का?"

"काय नको! नळीच हाय की. जल्म गेला माझा चुलीपुढं फुंकणी फुंकण्यात!"

बाई म्हणाल्या, "सोमवारी दाखवायला या. दोन चेंडू तरी वर गेले पाहिजेत. नाही तर पुण्याला न्यावं लागेल."

पुण्याच्या दवाखान्याचं नाव काढलं की आबांना घाम फुटतो. झालं! सकाळ-संध्याकाळ आबांना भिंतीला टेकवून बसवायचं, नळी तोंडात द्यायची, आन म्या कमरेवर हात ठिवून उभी.

"फुंका आबा! आनखी जोरात! जाळ धरला पायजे!"

आबा फुंकायचे. गाल टम्म, डोळे भायेर. चेंडू? ढिम्म!

चौथ्या दिवशी म्या मोरीत जाऊन रडले. मंग वाटलं, यंत्रच बिघडलं आसंल. सवता फुंकून बघितलं. ढिम्म! शेजारचे शिरपाकाका आले. तरणेपणी कुस्त्या मारलेला माणूस. मिशी पुसून अशी फुंक मारली की डोक्यावरची टोपी खाली. चेंडू जागचा हलला न्हाई. मंग काय, वाडीतली माणसं एकेक करून फुंकून गेली.

माझी जाऊ म्हणाली, "ताई, मंग आबांचं बरंच हाय की. छाती समद्या वाडीचीच गेलीया."

"गप बस. समद्या वाडीला पुण्याला न्यायचं का मंग?"

सोमवारी जीप करून भोरला गेलो. म्या यंत्र बाईंच्या टेबलावर ठिवलं. जरा आपटूनच.

"हे बदलून द्या. बिघडलंय. आख्ख्या वाडीनं फुंकून बघितलंय."

"फुंकून?" बाईंनी चश्मा काढला. "आणि आबांनी?"

"आठ दिवस! दोन टाईम!"

बाई हसल्या न्हाईत. त्यांनी आदी समद्या वाडीची उष्टी नळी काढून कपाटातली नवी लावली. मंग म्हणाल्या, "आबा, हळूहळू श्वास आत ओढा."

आबांनी ओढला. एक चेंडू टण्णदिशी वर! त्याच्या मागनं दुसरा! तिसराबी जागच्या जागी थरथरला.

"छान. पुण्याला न्यायची गरज नाही," बाई म्हणाल्या.

आता म्या तोंड कुठं लपवू? म्हणून आबांवरच घसरले. "आबा, हे आत ओढायचं आसतं, तुमाला म्हाईत हुतं?"

आबांनी तोंडातली नळी काढली. "व्हय. बाईंनी सांगितलं हुतं."

"मंग आठ दिवस बोलला का न्हाई?"

आबांनी तोंडातली नळी काढली. बोलणं अजून जड, त्यामुळं सावकाश म्हणाले,

"घरी गेल्यावर सूनबाईचं ऐकायचं, आसंबी त्यांनीच सांगितलं हुतं."